दोनदा मेलेली मडम

कोरेगावच्या अक्का नसत्या तर आज हे लिहायला मी या खोलीत नसते, म्हणून आधी त्यांचं. नाव लिहायचं नाही अशी तंबी आहे. "माझं नाव घातलंस तर निम्मा तालुका उतारे घेऊन दारात हुबा राहील," म्हणाल्या. तेव्हा नुसत्या अक्का. उभी नोकरी जमिनीच्या रेकॉर्डच्या कचेरीत गेली, आता रिटायर आहेत, एकट्या राहतात. मोडी वाचतात. खोटं ऐकलं की त्यांच्या कपाळाची शीर उडते. माझा त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत, गावातल्या तर नाहीतच. तरी माझ्यापायी त्यांनी तीनदा एसटीचे धक्के खाल्ले. का, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "तुझ्यासाठी न्हाई गं, त्या मडमेसाठी. बिचारीला किती वेळा मारायचं?"

तर मडमेचं सांगते. पण त्याआधी माझं थोडं सांगावं लागेल, नाहीतर एवढा वैताग कशाचा ते कळायचं नाही.

मी जत तालुक्यातली. आमच्या गावाच्या अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड आणि मधे मेंढरं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. कुणी मारून मुटकून काढली नाही. टँकर यायची वेळ आणि शाळेची घंटा एकच होती, घागरी भरायला कुणीतरी लागायचं, आणि मी थोरली. एवढंच. पुढं लग्न झालं. नवऱ्याला सातारा जिल्ह्यात, पार घाटाच्या वर, एका बंगल्यावर माळ्याचं काम मिळालं. "तिथं पाणी लय हाय," एवढंच तो म्हणाला, आणि मी ट्रंक भरली.

बंगला इंग्रजांच्या वेळचा. काळा दगड, उतरतं छप्पर, दोन धुराडी, पुढं खांबांचा व्हरांडा. सांगलीच्या मालकांनी तो घेतला, रंगवला आणि पाहुण्यांना राहायला द्यायला लागले. मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, त्या आम्हाला. नवरा बाग बघतो, मी सैपाक आणि खोल्या. आमची मुलगी खालच्या गावातल्या शाळेत यंदा दहावीला आहे. आता हे साधं गणित मी रोज उठून करते: काम आहे तोवर खोली, खोली आहे तोवर शाळा. दहावीच्या मधेच जतला परत जायचं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

या सगळ्यात इतिहास कुठून आला? किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर आला. आमच्या आधी बंगल्यावर गावातले एक तात्या होते. थकले म्हणून त्यांनी काम सोडलं. जाताना जुडगं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही भांड्याच्या खोलीची, ही गॅसच्या खोलीची, आणि हे मडमेचं थडगं. पाहुण्यांना सांगायचं, हा कलेक्टरचा बंगला. कलेक्टरानं मडमेसाठी बांधला. मडम घोड्यावर बसून कड्याकडं गेली, घोडं बुजलं, मडम गेली. हितं पुरली. समजलं का?"

समजलं. नवीन काम, परकं गाव, मी कशाला उलटं विचारते?

थडगं म्हणजे बागेच्या मधोमध एक दगडी ओटा. हातभर उंच, वर मधे एक गोल खळगा. ओट्याला शेंदूर. गावातल्या बायका अवसेला तिथं येतात, आणि मडम इंग्रज म्हणून नैवेद्य काय, तर पाव, उकडलेलं अंडं आणि कपभर चहा. चहा त्या खळग्यात ओततात. साखर जास्त. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या पोराचं लग्न ठरेना, की आली पाव घेऊन. मुंग्या मात्र मला झाडाव्या लागतात.

मग मालकांनी एक छापील कागद आणला. कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून लिहून घेतलेला. त्यात मडम पटकीनं गेली होती. त्यात असंही होतं की मडमेनं गावासाठी विहीर खणली. दिवाणखान्यात मडमेचा फोटो लावला. तो फोटो टेम्पोतून मीच उतरवून घेतला होता. मागं जुन्या बाजारातल्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, ती मी नखानं खरवडून काढली. मालक म्हणाले, "वहिनी, पाहुण्यांना हा मजकूर वाचून दाखवत जा." दाखवायला लागले. बागेत तात्यांचं सांगायचं, दिवाणखान्यात मालकांचं वाचायचं. दोन्हीचा मेळ बसतो का, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पोळ्या करपू नयेत याकडं माझं लक्ष.

मग एके दिवशी कोरेगावच्या बायकांचा एक ग्रुप सहलीला म्हणून जेवायला आला. जेवणाआधी बागेत फिरवलं. जेवणानंतर दिवाणखान्यात कागद वाचला. वाचून संपला तशी कोपऱ्यातली चष्मेवाली बाई म्हणाली, "बाई, जेवण झकास. पण तुमची मडम दोनदा मेली की वो."

बाकीच्या वळून तिच्याकडं बघायला लागल्या, तशी ती पुढं म्हणाली,

"जेवायच्या आधी घोड्यावरनं पडून मेली, आणि जेवण झाल्यावर पटकीनं गेली. आमच्या जेवणात तर काय न्हवतं ना?"

अशा हसल्या सगळ्या की खिडकीतलं मांजर पळालं. मीपण हसले, पण माझे डोळे भरून आले होते. शिकलेल्या बायकांपुढं आपलं अडाणीपण असं उघडं पडलं की काय होतं, ते ज्याची शाळा सुटलीय त्यालाच कळतं. त्या बाईनं ते बघितलं असणार. निघताना मालकांच्या कागदाच्या पाठीवर आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला. "खरं हवं वाटलं तर फोन कर. खोटं हवं आसंल तर तुज्या मालकाकडं भरपूर हाय."

त्या अक्का. आमच्याकडं थोरल्या बाईला अक्काच म्हणतात, तेव्हा मी तेच म्हणायला लागले.

मी कदाचित कधीच फोन केला नसता. पण पावसाळ्यानंतर एक पाहुणे येऊन गेले आणि त्यांनी मोबाईलवर बंगल्याच्या जाहिरातीखाली लिहिलं की जेवण चांगलं, खोल्या स्वच्छ, पण इथली बाई धादांत खोटा इतिहास सांगते. मालकांचा फोन सकाळी सातला आला.

"वहिनी, हे काय चाललंय? तुम्हाला कागद दिला होता ना?"

"कागदच वाचला, मालक."

"मग खोटं कसं?"

मनात म्हटलं, कागद तुमचा, घोडं तात्यांचं, आणि खोटी मी.

मालक पुढं बोलतच होते. दिवाळीनंतर विलायतेहून पाहुणे येणार आहेत, ज्यानं बंगला बांधला त्याच्याच घराण्यातले. त्यांच्यासाठी थडग्यावर संगमरवरी छत्री उभारायची, नावाची पाटी लावायची, गवंडी ठरवलाय. "तोवर एकच गोष्ट ठरवा. एकच. खरी पाहिजे. आणि थडगं त्यात असलंच पाहिजे."

"आणि खरं काढल्यावर त्यात थडगं नसलं तर?"

"वहिनी, मला रोज असले फोन करायला वेळ नाही. जमत नसेल तर मी दुसरं माणूस बघतो. दिवाळीपर्यंत सांगा."

फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. दिवाळी कुठं, मार्च कुठं. नवरा म्हणाला, "आगं, सांग की त्याला पायजे ते. तुला काय कोर्टात शपथ घ्यायचीय?" त्याचंही बरोबर होतं. पण विलायतेहून येणारी माणसं त्या घराण्यातलीच. त्यांना आपली आजी-पणजी कशी मेली ते ठाऊक असणार. त्यांच्यासमोर मी घोडं पळवायचं की पटकी आणायची? कुठलंही सांगितलं तरी खोली जाणार हे मला दिसतच होतं.

संध्याकाळी अक्कांना फोन लावला. रडले नाही, पण आवाज तसाच निघाला असावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "थडग्याची मापं सांग."

टेप घेऊन बागेत गेले. तीन फूट लांबी, तेवढीच रुंदी.

"चौरस?"

"व्हय, अक्का."

"चौरस आणि एवढंसं? मग मडम काय मांडी घालून बसवली व्हय खाली?"

"व्हय की," मी म्हटलं.

मग अक्का म्हणाल्या, "म्हंजे?"

मी समजावलं. आमच्या गावात लिंगायत घरं पुष्कळ. त्यांच्यात माणूस गेलं की मातीत बसवूनच पुरतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. वर चौरस कट्टा बांधतात. आमचं शेत आणि त्यांचं रुद्रभूमीचं रान शेजारी शेजारी. लहानपणापासून मी थडगी बघितली ती चौरसच. त्यामुळं मडमेच्या ओट्याकडं बघून मला कधी शंकाच आली नाही. उलट वाटायचं, किती व्यवस्थित बांधलंय.

अक्का एवढ्या हसल्या की फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. परत उचलून म्हणाल्या, "अगं बाई, ती मडम हाय, जंगम न्हाई! इंग्रज आडवं पुरत्यात. लांबच लांब खड्डा करून." मला राग आला. सहा वर्षं मी त्या ओट्याभोवतीच्या मुंग्या झाडतेय, आणि त्यात पाच वर्षांचं पोरसुद्धा आडवं मावणार नाही, हे मला दिसलं नाही? आणि मला नाही तर नाही, गावातल्या एकालाही दिसलं नाही? मालकांना नाही? त्या मजकूर लिहून देणाऱ्या शहाण्याला नाही?

"आता एक काम कर," अक्का म्हणाल्या. "जे जे ऐकलंस ते लिहून काढ. आणि प्रत्येकापुढं लिही, कुणाकडनं ऐकलं. मग त्याला जाऊन इचार, तू कुणाकडनं ऐकलं. बांधाच्या भांडणात आमी हेच करायचो. बोलणारा शेवटी एकच निघतो."

मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून मी गावात हिंडायला लागले. कामं आवरून, दुपारी. नको नको झालं. तात्यांकडं पहिली गेले.

"तात्या, कलेक्टर तुमी कुणाकडनं ऐकलं?"

"ऐकायला कशाला पायजे? माझा आजा सांगायचा. टोपीवाला गोरा साहेब हुता."

"पण कलेक्टरच हुता कशावरून?"

"मग काय तलाठी हुता?" तात्या खेकसले. "सातवी शिकलीस आणि मला हिस्ट्री शिकवाय लागली व्हय गं? जतवरनं आलीस, तुमच्याकडं प्यायाला पाणी न्हाई, आन् हितं येऊन आमच्या मडमेचं खोदकाम!"

मी वहीत लिहिलं: आजा. टोपी. पुढं अक्कांनी सांगितलं की जुन्या माणसांना टोपीवाला प्रत्येक गोरा कलेक्टरच. रस्ता मोजणारा कलेक्टर, डॉक्टर कलेक्टर, पाद्रीपण कलेक्टर. त्या हिशेबानं या घाटात माणसांपेक्षा कलेक्टर जास्त झाले असते.

घोडं कुठून आलं ते तात्यांनाही सांगता येईना. पटकीचा मजकूर लिहिणाऱ्याला मालकांकडून नंबर घेऊन फोन केला, तर तो म्हणाला, "त्या काळी पटकीच असायची हो ताई." म्हणजे अंदाज. छापलेला अंदाज!

एक गोष्ट मात्र पक्की सापडली असं मला वाटलं. विहिरीची. ती मालकांच्या कागदात होती, चहाच्या टपरीवाल्यानं सांगितली, आणि तात्यांच्या सुनेनंही सांगितली. तिघं तीन तोंडांनी एकच सांगतात म्हटल्यावर खरीच. मी आनंदानं अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिघांनी कुणाकडनं ऐकली?"

परत हिंडले. मजकूर लिहिणाऱ्यानं मालकांच्या ड्रायव्हरकडून ऐकली होती. ड्रायव्हरनं टपरीवाल्याकडून. टपरीवाल्यानं तात्यांच्या सुनेकडून. सून दारात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "वैनी, तुमाला कुणी सांगितली?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आवं, तुमीच की! तुमी आला त्याच्या पहिल्या वर्षी. शाळंची पोरं आली हुती सहलीला. आमचं पोरगं बी हुतं त्यात. घरी येऊन सांगितलं त्येनं, मडमेनं हीर काढली, गावाला पाणी दिलं."

मला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. तात्यांनी सांगितलं होतं, मडम लय चांगली हुती. पोरांनी विचारलं, चांगली म्हणजे काय करायची? आणि मी म्हणाले, गावाला पाणी द्यायची. आमच्याकडं चांगला माणूस म्हणजे दुसरं काय? जो पाणी देतो तो. माझ्या तोंडून गेलं आणि सहा वर्षं गावभर फिरून, सांगलीला जाऊन, छापून, परत माझ्याच हातात वाचायला आलं. त्या सुनेच्या दारात मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढे दिवस सगळ्यांवर चिडून हिंडतेय, आणि वहीत शेवटचं नाव माझंच.

अक्कांना सांगायची लाज वाटत होती. सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बरं झालं. आता तुला कळलं हे कसं होतं ते. चल, आता कागद बघू."

कागद बघायला साताऱ्याला जायचं होतं. मी एकटी कधी कचेरीची पायरी चढले नव्हते. अक्का स्टँडवर उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत भिंग आणि दशम्या. पहिल्या दिवशी अर्ज करून परत. दुसऱ्या वेळी लाल कापडात बांधलेला रुमाल आमच्यापुढं आला. रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं, हे मला तेव्हा कळलं. इंग्रजी पानं कसरीनं खाल्लेली, नुसती जाळी. पण कारकुनानं मोडीत ठेवलेलं रजिस्टर शाबूत होतं. अक्का भिंग धरून एकेक ओळ पुटपुटत वाचायला लागल्या. मी शेजारी बसलेली. मला ती अक्षरं म्हणजे ओल्या मातीवरून गोगलगाय गेल्यासारखी दिसत होती.

"कलेक्टर न्हाई," अक्का म्हणाल्या. "सोडावॉटरचा कारखानदार."

"म्हंजे?"

"म्हंजे गोटी सोडा विकायचा गं तुझा कलेक्टर! छावणीला बाटल्या पुरवायचा."

मी कपाळाला हात लावला. मालकांना हे कोण सांगणार?

आणखी पुढं वाचलं. साहेब मयत. कशानं, ते लिहिलेलं नाही. त्याच्यानंतर मडमेनं स्वतः येऊन भाडेपट्टा सोडून दिल्याची नोंद, खाली मडमेची सही, आणि शेरा: बाई विलायतेस गेली. म्हणजे मेला तो साहेब. मडम धडधाकट, सही करून, सामान बांधून गेली. जिला आम्ही घोड्यावरून पाडली, पटकीनं मारली आणि मांडी घालून बसवली, ती!

"मग ओटा?"

अक्कांनी नकाशा उलगडला. बंगला, तबेला, बाग. बागेच्या मधोमध एक इवलासा चौकोन, त्याला वेगळा नंबर. रजिस्टरात त्या नंबरापुढं लिहिलेलं अक्कांनी दोनदा वाचलं: पाऊस मोजण्याचे भांडे ठेवण्याकरिता दगडी ओटा, सरकारी, पट्ट्यातून वगळून.

मी तीनदा विचारलं. पाऊस मोजायचा? कशाला? आमच्याकडं पाऊस कुणी मोजत नाही, पडला का नाही एवढंच विचारतात, आणि टँकर मोजतात. तो गोल खळगा भांड्याचा होता. त्यात आम्ही चहा ओततोय.

रजिस्टराची आणि नकाशाची नक्कल घेऊन परत आले, आणि खरा ताप तिथून सुरू झाला. अवसेला बायका आल्या. मी म्हटलं खरं सांगावं, निदान यांना तरी. "आवं, ही मडम न्हाई. पाऊस मोजायचा ओटा हाय. सरकारी कागदात हाय."

एक म्हातारी खळग्यात चहा ओतत होती. ओतून झाल्यावर म्हणाली, "आसंल. माझी म्हैस याली का न्हाई?"

"याली."

"मग? मोजणारी का आसंना."

मी झाडू घेतला आणि मुंग्यांकडं वळले.

दिवाळीच्या आधी मालक आले, मागं टेम्पोत संगमरवर. अक्कांना मी आदल्या दिवशी फोनवर नुसतं एवढंच म्हटलं होतं, की उद्या मालक येणार, मला बोलता येणार नाही. त्या सकाळच्या गाडीनं येऊन व्हरांड्यात बसलेल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं.

मालकांनी सोडावॉटर ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो बाई, सोडेवाला? मी लोकांना काय सांगू, सोडेवाल्याच्या बंगल्यात राहा?"

"सांगा की," अक्का म्हणाल्या. "सोडा विकून एवढा बंगला बांधला, कलेक्टरापेक्षा भारी न्हाई का?"

"ते राहू दे. थडगं तरी राहील. छत्री बांधून घेतो, कोण बघतंय कागद?"

तेव्हा अक्कांनी नकाशाची नक्कल त्यांच्यापुढं ठेवली आणि त्या इवल्याशा चौकोनावर बोट ठेवलं. "हा नंबर तुमच्या खरेदीखतात हाय का बघा. न्हाई. म्हंजे ती जागा तुमची न्हाई. सरकारी जागेवर बांधकाम करून, वर थडगं म्हणून पाटी लावणार, तीबी लेखी. बघा बुवा. मी आपली रिटायर बाई."

मालकांनी नकाशा हातात घेतला, चष्मा लावला, काढला, परत लावला. गवंडी छिन्नी घेऊन उभाच होता. मालक त्याला म्हणाले, "संगमरवर खाली उतरवू नका." मग माझ्याकडं वळून, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं खोलात जायला?"

मला एवढा संताप आला, की पहिल्यांदाच तोंडावर बोलले. "तुमीच, मालक. खरी पायजे म्हणालात."

आता खोली गेली, असंच वाटलं. मालक गाडीत बसून निघून गेले. दिवाळी तशीच गेली. फराळ केला, पण मी रोज ट्रंकेकडं बघायचे. मुलीला काही सांगितलं नाही.

पाहुणे आले. एक म्हातारे साहेब आणि त्यांची बहीण. मालक स्वतः सांगलीहून आले, इंग्रजीतून मराठी करायला. मला वाटलं आता मालक परत कलेक्टरच म्हणतील. त्याआधीच म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून एक जाड हिरवट बाटली काढली, मानेत गोटी असलेली, आणि काहीतरी बोलली. मालकांनी माझ्याकडं न बघता मराठी केलं, "त्या म्हणतायत, त्यांचे पणजोबा इथं सोडा बनवायचे. मशीनची खोली कुठं होती, बघायचंय."

माझ्या तोंडाला पाणी सुटावं तसं रचलेलं उत्तर सुटत होतं. पण मी म्हटलं, "तबेल्याच्या मागची असावी. कागदात खोलीचं लिहिलेलं न्हाई. सांगा, अंदाज हाय."

बागेत त्या बाई ओट्याशी थांबल्या. शेंदूर, पाव, थंड चहा. हे काय, विचारलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं तसं ते बोलत गेले: पाऊस मोजायचा ओटा आहे. गावच्या बायका चहा ठेवतात. कुणासाठी, ते त्यांनाच पक्कं माहीत नाही. पणजी गेली ती इथून सही करून गेली, पुढचं आम्हाला ठाऊक नाही.

पुढचं त्यांना ठाऊक होतं. मडम म्हातारी होऊन, नातवंडं बघून, आपल्या देशात वारली. इथल्या पावसाबद्दल शेवटपर्यंत कुरकुर करायची म्हणे. म्हातारे साहेब बराच वेळ त्या खळग्याकडं बघत हसत होते.

जाताना मालक गाडीचं दार धरून थांबले. "फोटो काढून टाका तो दिवाणखान्यातला," म्हणाले. आणि मग, "मुलीची परीक्षा मार्चात ना? असंच सांगत जा पाहुण्यांना. कागदातलं कागदातलं म्हणून, आणि गावातलं गावातलं म्हणून." एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण मी घरात जाऊन ट्रंक पलंगाखाली ढकलली.

वैताग संपला असं नाही. तात्या अजून बोलत नाहीत. टपरीवाला अजून विहीर सांगतो, आणि मी हटकलं की म्हणतो, "तुमीच सांगितलंय की." मोबाईलवर कुणीतरी लिहिलंय, बंगला छान, पण भूत नाही.

अक्कांना काय देऊ, विचारलं तर त्यांनी दशम्या मागितल्या. त्या घेऊन मी कोरेगावला गेले, तर खाताना त्यांनी पाण्याचा पेला चाचपून शोधला. तेव्हा कळलं. भिंग घेऊन माझे कागद वाचले, ते एका डोळ्यानं. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय, आणि ऑपरेशन त्या पुढं ढकलतायत, कारण नंतर आठ-पंधरा दिवस डोळ्यात थेंब घालायला घरात माणूस नाही. माझ्यासमोर असं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. अक्का, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवाल, रागवा. मार्चात मुलीचा शेवटचा पेपर झाला, की ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं कोरेगावला येईन. थेंब घालीन, भाकरी करीन, पट्टी निघेपर्यंत तुमच्या घरातून हलणार नाही. हे मी गावातलं म्हणून सांगत नाही. हे लिहून देतेय.